मांजरातील विरळ त्वचा संक्रामणे

मांजरातील विरळ त्वचा संक्रामणे : पाळीव मांजराच्या त्वचेत व त्वचेखालील ऊतकात (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहात) क्वचित आढळणाऱ्या सूक्ष्मजंतू, कवक (बुरशी) व व्हायरस यांच्यामुळे होणाऱ्या रोगांचा हा गट आहे. मांजराचा कुष्ठ, त्वचेचा क्षय, वसा-ऊतकाचा अम्लस्थिर सूक्ष्मजंतुजन्य शोथ, नोकार्डियाजन्य रोग, स्पोरोट्रायकोसिस, क्रिप्टोकॉकोसिस व गोस्तनदेवी हे त्यांतील प्रमुख रोग होत. यांची कारणे परस्परांहून अगदी भिन्न असली, तरी त्वचेवर दिसणारी लक्षणे मात्र थोडीच व बहुतांशी सारखी असतात. गाठ, व्रण, खपली किंवा पू वाहणारे छिद्र यांपैकीच काहीतरी प्रत्येक रोगात दिसते. त्यामुळे नुसत्या पाहणीवरून रोग ओळखता येत नाही. योग्य नमुना घेऊन त्याची प्रयोगशाळेत तपासणी करणे हाच निदानाचा खात्रीचा मार्ग आहे. यांतील काही रोग माणसाला होऊ शकतात आणि काही होत नाहीत. म्हणून अचूक निदानाचे महत्त्व मांजराइतकेच ते पाळणाऱ्या कुटुंबालाही आहे.

संक्रामणाचे मार्ग : निरोगी त्वचा हा रोगकारकांना चांगला अडथळा असतो. मांजराच्या बाबतीत हा अडथळा बहुधा त्याच्या स्वभावामुळेच मोडला जातो. बोक्यांची भांडणे, उंदीर व घुशी यांची शिकार करताना होणारे दंश, माती उकरण्याची व झाडाच्या खोडावर नखे घासण्याची सवय यांमुळे लहान परंतु खोल जखमा होतात. नखे व सुळे अणकुचीदार असल्याने रोगकारक त्वचेखाली खोलवर पेरले जातात आणि वरचे छिद्र लवकर मिटते. डोके, कान, नाकाचा पूल, पुढचे पाय व शेपटीचे बूड या भांडणात जखमी होणाऱ्या जागीच अनेक संक्रामणे प्रथम दिसतात. अंग चाटण्याच्या सवयीमुळे ती शरीराच्या एका भागातून दुसऱ्या भागात पसरू शकतात. मांजराचा श्वेतकोशिकार्बुद व्हायरस (१९६४ साली ग्लासगो येथे शोध) व रोगप्रतिकारक्षमता घटविणारा व्हायरस (१९८६ साली कॅलिफोर्नियात शोध) यांनी बाधित झालेल्या मांजरांची प्रतिकारक्षमता कमी होते. तथापि विरळ त्वचा संक्रामणे झालेल्या सर्वच मांजरांत हे व्हायरस सापडतात असे नाही. पुष्कळ रुग्ण मांजरे एरवी धडधाकट असतात.

सामान्य रोगांशी होणारी गल्लत : मांजराच्या त्वचेवर गळू दिसल्यास ते बहुधा दंशामुळे झालेले असते. पाश्चुरेला मल्टोसिडा व तोंडातील इतर सूक्ष्मजंतू त्याला कारणीभूत असतात. पूचा निचरा केल्यावर व प्रतिजैव औषध दिल्यावर ते लवकर भरून येते. केस गळून पडलेले वाटोळे चट्टे बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस या कवकामुळे होणाऱ्या गजकर्णाचे असतात. पांढऱ्या मांजरांच्या कानांच्या कडांवर व नाकावर होणारा न भरणारा व्रण हा पुष्कळदा उन्हामुळे उद्‌भवलेला कर्करोग असतो. यांशिवाय अधिहर्षतेमुळे (ॲलर्जीमुळे) होणारी इओसीनरागी कणार्बुदे ओठांवर व मांड्यांवर दिसतात. विरळ संक्रामणे या चार सामान्य विकारांच्या आड लपून राहतात. दंशाचे गळू म्हणून निचरा केलेली, परंतु दोनतीन आठवड्यांत न भरलेली किंवा भरून पुन्हा फुटलेली जखम ही त्यांची पहिली खूण होय. अशा जखमेवर तपासणीविना एकामागून एक प्रतिजैव औषधे वापरल्यास वेळ वाया जातो. अधिहर्षता समजून कॉर्टिकोस्टेरॉइड औषधे दिल्यास अपाय त्याहून मोठा होतो. या औषधांनी प्रथम सूज उतरून बरे वाटल्याचा भास होतो, परंतु प्रतिकारक्षमता दबल्यामुळे संक्रामण आत पसरत राहते.

सूक्ष्मजंतुजन्य रोग : (१) मांजराचा कुष्ठ : हा रोग न्यूझीलंडमध्ये १९६२ साली प्रथम नोंदला गेला. त्यानंतर तो ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडाचा पश्चिम भाग इ. प्रदेशांत आढळला. उंदरांत कुष्ठासारखा रोग उत्पन्न करणाऱ्या मायकोबॅक्टिरियम लेप्रीम्युरियम या सूक्ष्मजंतूमुळे तो होतो. उंदरांतील रोगाचे वर्णन स्टेफान्स्की यांनी ओडेसा येथे १९०३ साली केले होते. उंदराच्या दंशातून हे सूक्ष्मजंतू मांजरात शिरत असावेत असे मानतात. तरुण मांजरांच्या डोक्यावर व पायांवर वेदनारहित, घट्ट गाठी येतात. त्या झपाट्याने वाढतात व पुष्कळदा फुटून व्रण होतात. वयस्कर मांजरांत याच गटातील इतर जातींमुळे सर्वांगावर पसरणाऱ्या गाठी होतात. नामसाम्य असले, तरी मानवी कुष्ठरोगाचा सूक्ष्मजंतू (मायकोबॅक्टिरियम लेप्री) वेगळा आहे. मांजराचा कुष्ठ माणसाला झाल्याचा पुरावा नाही. ही गोष्ट मांजर पाळणाऱ्यांना स्पष्टपणे सांगणे आवश्यक असते, कारण केवळ नावाच्या धास्तीने मांजर घराबाहेर काढले जाण्याची शक्यता असते.

(२) त्वचेचा क्षय : गायीगुरांतील क्षयाचा मायकोबॅक्टिरियम बोव्हिस व शेतातील उंदीर आणि व्होल (आखूड शेपटीचे उंदरासारखे कृंतक म्हणजे कुरतडणारे प्राणी) यांच्यात वास करणारा मायकोबॅक्टिरियम मायक्रोटाय हे ब्रिटनमधील मांजरांच्या क्षयाचे मुख्य कारण आहेत. मानवी क्षयाच्या सूक्ष्मजंतूला मात्र मांजर बरेचसे दाद देत नाही. पूर्वी क्षयी गायीच्या कच्च्या दुधातून मांजरांना आतड्याचा क्षय होत असे. दुधाचे पाश्चरीकरण रूढ झाल्यावर हा प्रकार कमी झाला, आणि शिकारीतील दंशातून होणारा त्वचेचा प्रकार अधिक ठळकपणे दिसू लागला. गाठी किंवा न भरणारे व्रण व त्यांच्या लगतच्या लसीका ग्रंथींची सूज ही त्याची लक्षणे होत. २०१९ साली ब्रिटनमध्ये, घराबाहेर न जाणाऱ्या मांजरांना कच्च्या मांसाच्या तयार खाद्यातून मायकोबॅक्टिरियम बोव्हिसची बाधा झाल्याची प्रकरणे प्रसिद्ध झाली. मांजरापासून माणसाला या क्षयाची बाधा झाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. इंग्लंडमधील बर्कशर परगण्यातील दोन व्यक्तींची अशी बाधा २०१४ साली जाहीर करण्यात आली.

(३) वसा-ऊतकाचा शोथ : मायकोबॅक्टिरियम स्मेग्मॅटिस, मा. फॉर्च्युइटम इ. जाती माती व पाणी यांत सर्वत्र असतात. जखमेतून त्या पोटाखालील जांघेजवळच्या चरबीच्या थरात शिरल्यास तेथे हट्टी शोथ (दाहयुक्त सूज) उद्‌भवतो. चरबी हे त्यांना सुरक्षित आश्रयस्थान असते. म्हणून स्थूल मांजरांत हा रोग अधिक दिसतो. त्वचा जाड व खालच्या भागास चिकटलेली होते. तिच्यावर जांभळट खळगे पडतात व मिरपूड ठेवण्याच्या भांड्याच्या झाकणाप्रमाणे असंख्य बारीक छिद्रांतून पाण्यासारखा स्राव झिरपतो. मांजर मात्र पुष्कळदा खातेपिते राहते.

(४) नोकार्डियाजन्य रोग : एद्‌माँ नोकार या फ्रेंच पशुवैद्यांनी १८८८ साली वर्णन केलेल्या सूक्ष्मजंतूंच्या गटास त्यांचे नाव मिळाले. हे सूक्ष्मजंतू मातीत राहतात. त्यांच्यामुळे पाय, पोट व जांघ येथे पसरत जाणारी गळवे व नाडीव्रण (आत खोलवर जाणारे वाहते मार्ग) होतात. स्रावात कधी कधी वाळूसारखे कण दिसतात.

कवकजन्य रोग : (१) स्पोरोट्रायकोसिस : या गटातील हा सर्वांत महत्त्वाचा रोग होय. १८९८ साली बेंजामिन शेंक यांनी बॉल्टिमोर येथे एका रुग्णाच्या हातावरील गाठींतून याचे कवक प्रथम वेगळे केले. म्हणून त्यास पुढे स्पोरोथ्रिक्स शेंकाय हे नाव देण्यात आले. मातीत व कुजणाऱ्या वनस्पतींवर (सु. २५° से. तापमानास) हे कवक तंतूंच्या रूपात वाढते, तर प्राण्याच्या शरीरात (सु. ३७° से.) ते यीस्टचे म्हणजे एककोशिकीय रूप घेते. माणसास हा रोग बहुधा काटा किंवा काडी टोचून होतो. त्यामुळे माळीकाम व शेतकाम करणाऱ्यांत तो दिसतो. भारतात मानवी रुग्ण मुख्यत्वे हिमालयाच्या पायथ्यालगतच्या प्रदेशात आढळतात.

ब्राझीलमध्ये या रोगाने वेगळेच वळण घेतले. रिओ दे जानेरो शहरात व परिसरात १९९८ पासून मांजरांत त्याची साथ सुरू झाली आणि मांजरांच्या ओरखड्यांतून व चाव्यांतून ती माणसांत पसरली. तेथील ऑस्वाल्दो क्रूझ प्रतिष्ठानाच्या रुग्णालयात हजारो मानवी व मांजर रुग्णांची नोंद झाली. २००७ साली या साथीचे कवक स्पोरोथ्रिक्स ब्राझिलिएन्सिस या स्वतंत्र जातीचे असल्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे ही जाती अर्जेंटिना व पॅराग्वाय या देशांतही आढळली. आशियात मलेशियातील मांजरांत स्पो. शेंकायमुळे होणारा रोग आढळतो. ब्राझीलमधून तीन वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये आणलेल्या एका मांजरापासून तीन व्यक्तींना, त्यांत एका पशुवैद्यासही, बाधा झाल्याचा वृत्तांत २०२३ साली प्रसिद्ध झाला. मांजराचा पूर्ववृत्तांत विचारताना त्याने पूर्वी केलेला प्रवासही का विचारावा, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मांजराच्या नाकाच्या पुलावर, कानांवर व पंजांवर गाठी येऊन फुटतात. खोल व्रण होऊन त्यांवर जाड खपल्या धरतात. शिंका व श्वास घेताना होणारा घरघर आवाज ही नाकातील बाधेची लक्षणे होत. माणसाच्या व्रणात यीस्ट कोशिका फार थोड्या असतात, तर मांजराच्या व्रणात त्या विपुल असतात. मांजराचा ओरखडा इतका संसर्गकारक का ठरतो याचे हे मुख्य कारण होय आणि मांजरातील निदान तुलनेने सोपे का असते याचेही कारण तेच आहे.

(२) क्रिप्टोकॉकोसिस : क्रि. निओफॉर्मन्स (कबुतरांची विष्ठा) व क्रि. गॅटाय (निलगिरी इ. झाडांचा कचरा) यांचे बीजाणू श्वासावाटे नाकात शिरतात. नाकाच्या पुलावर सूज, एका नाकपुडीतून स्राव व त्वचेवर गाठी ही लक्षणे दिसतात. पुढे डोळे व मेंदू यांना बाधा होऊ शकते. मांजर व माणूस या दोघांनाही हा रोग परिसरातूनच होतो. एकापासून दुसऱ्यास होत नाही.

(३) खोल गजकर्ण : मायक्रोस्पोरम कॅनिस हे एरवी केसांत व त्वचेच्या वरच्या मृत थरात राहणारे कवक लांब केसांच्या, विशेषतः पर्शियन जातीच्या, मांजरांत क्वचित त्वचेखाली शिरून पाठीवर गाठी निर्माण करते. शस्त्रक्रियेनंतरही त्या पुन्हा उद्‌भवतात.

व्हायरसजन्य रोग : गोस्तनदेवीचा व्हायरस यूरोप व आशियाचा उत्तर भाग यांपुरता मर्यादित आहे. एडवर्ड जेन्नर यांच्या १७९६ सालच्या लशीच्या प्रयोगामुळे तो गायीशी निगडित मानला जातो; परंतु त्याचे खरे आश्रयदाते व्होल व रानउंदीर हे आहेत. मांजरातील रोगाचे वर्णन इंग्लंडमध्ये १९७८ साली प्रसिद्ध झाले. उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत उंदरांची संख्या वाढते तेव्हा शिकारी मांजरांत तो अधिक आढळतो. प्रथम डोक्यावर किंवा पुढच्या पायावर दंशाच्या जागी एकच व्रण होतो. एक ते तीन आठवड्यांनी सर्वांगावर वाटोळे, खपली धरलेले अनेक व्रण उठतात. बहुतेक मांजरे दोनएक महिन्यांत आपोआप बरी होतात. मात्र कॉर्टिकोस्टेरॉइडे दिल्यास फुप्फुसशोथ होऊन मृत्यू येऊ शकतो. हाताळणाऱ्या माणसाच्या हातावर किंवा चेहऱ्यावर काळी खपली धरणारा वेदनायुक्त व्रण होतो.

निदान : निदानाची सुरुवात पूर्ववृत्तांतापासून होते. मांजर बाहेर फिरते काय, शिकार करते काय, कच्चे मांस खाते काय, जखम केव्हा झाली, कोणती औषधे दिली, घरातील कोणास त्वचाविकार झाला आहे काय, हे प्रश्न महत्त्वाचे असतात. व्रणांची जागा व क्रम यांवरून दिशा मिळते : एका व्रणामागून अनेक व्रण उठल्यास गोस्तनदेवीची, जांघेत छिद्रे पडलेली जाड त्वचा दिसल्यास वसा-ऊतकाच्या शोथाची व नाकावर सूज असल्यास कवकाची शंका घेतात. ही केवळ शंका असते. तिची खात्री पुढील परीक्षांनी करतात.

कोशिकापरीक्षा : व्रणाच्या ओल्या पृष्ठभागावर काचपट्टी दाबून ठसा घेतात किंवा गाठीतून बारीक सुईने द्रव ओढतात व त्याचे अभिरंजन (रंगविण्याची क्रिया) करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही परीक्षा स्वस्त असून काही मिनिटांत होते. स्पोरोट्रायकोसिसामध्ये महाभक्षी कोशिकांच्या आत व बाहेर गोल, अंडाकार किंवा विडीच्या आकाराच्या, सु. ३ ते ५ मायक्रोमीटर लांबीच्या (१ मायक्रोमीटर = मीटरचा दशलक्षांश भाग) यीस्ट कोशिका दिसतात. क्रिप्टोकॉकसाभोवती जाड संपुट असल्याने काळ्या शाईच्या पार्श्वभूमीवर तो तेजोवलयासारखा उठून दिसतो. अम्लस्थिर सूक्ष्मजंतूंच्या आवरणात मेणासारखी द्रव्ये असल्यामुळे नेहमीचे रंग ते घेत नाहीत. महाभक्षी कोशिकांत त्यांच्या जागी रंगहीन काड्यांच्या आकृत्या राहतात. अशा आकृत्या दिसताच त्सील-नील्सेन अभिरंजन करावे लागते. या पद्धतीत कार्बोलफुक्सिनाने रंगवून अम्लयुक्त अल्कोहॉलाने धुतल्यावरही ते लाल राहतात. नोकार्डियाचे शाखायुक्त तंतू सौम्य अम्ल वापरल्यासच लाल राहतात. काचपट्टीवर रोगकारक न दिसल्यास रोग नाही असे मात्र ठरत नाही.

जीवोतक परीक्षा : शरीरातून ऊतकाचा तुकडा काढून केलेल्या या परीक्षेत जागेची निवड महत्त्वाची असते. व्रणाच्या मध्यभागी केवळ मृत ऊतक असल्याने तुकडा व्रणाच्या कडेचा किंवा न फुटलेल्या नव्या गाठीचा आणि त्वचेखालील चरबीपर्यंत खोल घेतात. त्याचे दोन भाग करतात. एक भाग १०% फॉर्मॅलीन विद्रावात ठेवून ऊतकपरीक्षेसाठी पाठवितात. दुसरा भाग लवण विद्रावाने भिजविलेल्या निर्जंतुक कापडात गुंडाळून संवर्धनासाठी पाठवितात. संपूर्ण तुकडा फॉर्मॅलिनात टाकणे ही नेहमी घडणारी चूक आहे; त्यामुळे रोगकारक मरतात व संवर्धन अशक्य होते. ऊतकपरीक्षेत कणार्बुदयुक्त शोथ दिसल्यास कवकांसाठी पीएएस व चांदीयुक्त अभिरंजने आणि सूक्ष्मजंतूंसाठी त्सील-नील्सेन अभिरंजन करतात. गोस्तनदेवीत त्वचेच्या कोशिकाद्रव्यात इओसिनाने रंगणारे अंतर्विष्ट पिंड दिसतात. वसा-ऊतकाच्या शोथात सूक्ष्मजंतू फार थोडे व चरबीच्या पोकळ्यांत दडलेले असतात. नमुन्यावरील प्रक्रियेत ते धुऊन जाण्याचा संभव असल्याने, न फुटलेली त्वचा अल्कोहॉलाने स्वच्छ करून सुईने ओढलेला पू अधिक उपयुक्त ठरतो.

संवर्धन व रेणवीय परीक्षा : संवर्धनामुळे जाती निश्चित होते व कोणते औषध लागू पडेल हेही कळते. परंतु वाढीचा काळ फार वेगवेगळा असतो. माती-पाण्यातील शीघ्रवर्धी अम्लस्थिर सूक्ष्मजंतू आठवड्याच्या आत वाढतात, स्पोरोथ्रिक्सास एक-दोन आठवडे लागू शकतात व पात्रे चार आठवडे ठेवतात, क्षयाच्या सूक्ष्मजंतूंस दोन-तीन महिनेही लागतात, मा. लेप्रीम्युरियम तर नेहमीच्या माध्यमांवर वाढतच नाही. सामान्य पूची पात्रे दोन दिवसांत टाकून देण्याची पद्धत असते. म्हणून कोणत्या रोगाची शंका आहे हे प्रयोगशाळेस आधी कळविले नाही, तर नोकार्डियासारखे जंतू वाढण्यापूर्वीच ‘वाढ नाही’ असा अहवाल येतो. अशी सूचना प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक असते. पॉलिमरेज शृंखला विक्रियेने (पीसीआर) रोगकारकाचा डीएनए थेट ओळखता येतो. न वाढणाऱ्या जातींचे निदान मुख्यत्वे याच पद्धतीने होते. गोस्तनदेवीसाठी कोरडी खपलीही पुरते. क्रिप्टोकॉकोसिसामध्ये संपुटातील प्रतिजन रक्तात शोधण्याची लॅटेक्स परीक्षा विश्वसनीय असून चिकित्सेचा परिणाम अजमावण्यासही तिचा उपयोग होतो.

चिकित्सा व दक्षता : चिकित्सा दीर्घकालीन असते व ती कारणानुसार अगदी वेगळी असल्याने निदानापूर्वी तिची निवड करता येत नाही. स्पोरोट्रायकोसिसावर इट्राकोनॅझोल देतात. गरजेप्रमाणे त्यास पोटॅशियम आयोडाइडाची जोड देतात. व्रण भरून आल्यावरही औषध किमान महिनाभर चालू ठेवतात, कारण मध्येच थांबविल्यास रोग उलटतो. अम्लस्थिर सूक्ष्मजंतूंवर दोन किंवा अधिक औषधे अनेक महिने द्यावी लागतात. एकेरी गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. माणसासाठीची औषधे परस्पर देणे धोक्याचे असते; पॅरासिटामॉल मांजरास प्राणघातक ठरते.

निदान होईपर्यंत न भरणाऱ्या जखमेचे मांजर घरात वेगळे ठेवणे, त्यास हाताळताना हातमोजे वापरणे, ओरखडा पडल्यास साबण व पाण्याने धुऊन वैद्याचा सल्ला घेणे व वैद्यास मांजराचा आजार सांगणे इष्ट असते. लहान मुले, वृद्ध व दुर्बल प्रतिकारक्षमतेच्या व्यक्तींनी अशा मांजरापासून दूर राहावे. बाधित मांजर रस्त्यावर सोडून दिल्यास किंवा त्याचे शव मातीत पुरल्यास रोगकारक परिसरात पसरतात. ब्राझीलमधील साथ वाढण्यामागे उपचार न झालेल्या मोकाट मांजरांचा मोठा वाटा होता. वेळीच घेतलेला ठसा व योग्य तऱ्हेने पाठविलेला ऊतकाचा तुकडा यांमुळे यांतील बहुतेक रोग ओळखता येतात. त्यांतील पुष्कळ रोग बरे होऊ शकतात आणि जे माणसास होत नाहीत त्यांच्याविषयीची अनाठायी भीतीही दूर होते.